भुवयांनी दिलेली उत्तरं

एमोसीच्या हातांना दुसऱ्याचं काम बघवत नाही. वाईट काम तर बघवत नाहीच, पण चांगलंसुद्धा बघवत नाही. समोर कुणी इंजिनाचा प्लग काढायला बसला की याचे हात आपसूक पुढे सरकतात, तोंडातून "दे इकडं" निघतं, आणि पुढच्या मिनिटाला पाना याच्या हातात आणि तो बिचारा बाजूला उभा. अशा माणसाला इंजिनदुरुस्तीच्या दुकानाच्या मालकानं, दुसऱ्यांचं काम नुसतं बघायचं कसं याचं शिक्षण घ्यायला बोटीत बसवून राजधानीला, सुवाला पाठवलं, तेव्हा फिजी बेटांवरचं आमचं अख्खं सावूसावू गाव हसलं.

सगळ्यात मोठ्यानं हसला तो लेपानी. लेपानी म्हणजे एमोसीच्या मामाचा मुलगा, आणि आमच्यात मामे-आते भावंडांना एकमेकांची कातडी सोलायचा परवाना जन्मतःच मिळतो. लेपानी तर तो रोज वापरतो.

"अरे, हा होडीत जन्मलेला माणूस!" धक्क्यावर उभं राहून तो बोटीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "याला दवाखाना येईपर्यंत दम निघाला नाही! आईच्या पोटात धीर धरवला नाही, तो आता लोकांची कामं शांतपणे बघणार म्हणे!"

एमोसीनं बोटीतून त्याच्या दिशेनं एक केळं भिरकावलं. ही थट्टा तो चव्वेचाळीस वर्षं ऐकत होता. आई त्याला घेऊन, म्हणजे पोटात घेऊन, खाडीपलीकडच्या गावातून होडीनं दवाखान्यात निघाली होती, आणि हा वाटेतच जगात आला. त्या दिवसापासून गावात कुणी घाई केली की "एमोसी झाला" असं म्हणतात.

जाण्याचं कारण मात्र थट्टेचं नव्हतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी मिळून ठरवलं होतं की पाहुण्यांना फिरवणाऱ्या होड्यांची इंजिनं यापुढे प्रमाणपत्र असलेल्यानंच उघडायची. त्या इंजिनांवर तर दुकान चालत होतं. आणि ती इंजिनं गेली चाळीस वर्षं उघडत होता साकिउसा मामा, ज्याच्याकडे कागद म्हणून फक्त बाप्तिस्म्याचा दाखला होता. एमोसीला जे काही येतं ते मामाच्या शेजारी बसून आलेलं. मामा आता त्रेसष्ट वर्षांचा. या वयात तो सुवाला जाऊन बाकावर बसणार नव्हता, हे उघड होतं. मग उपाय एकच. दुकानातल्याच कुणी तरी शिकवणारा आणि तपासणारा म्हणून तयार व्हायचं, मामाचं काम जागेवरच तपासायचं, पुरावा सुवाला पाठवायचा आणि कागद मिळवायचा. मालकानं बोट एमोसीकडे दाखवलं. एमोसीनं 'हो' म्हटलं ते फक्त मामासाठी. मामा हातात पाना न धरता घरी बसलाय हे चित्र त्याला सहनच होत नव्हतं.

सुवाला शिकवायला होती मिस शैलेश्नी. बुटकी, चष्मा कपाळावर, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठून वही काढेल. पहिल्याच दिवशी तिनं जोड्या लावल्या. एमोसीच्या वाट्याला लौतोकाच्या बेकरीतली एक बाई आली. बाईनं दोरखंडाचं वेटोळं घालायचं, एमोसीनं बघायचं आणि लिहायचं. चाळीस सेकंदांनी दोरखंड एमोसीच्या हातात होता आणि वेटोळं अप्रतिम झालं होतं.

"सुंदर," मिस म्हणाली. "आता सांगा, तपासणी कुणाची चालली होती?"

"यांची, मिस."

"आणि पास कोण झालं?"

वर्ग हसला. मिसनं त्याला युक्ती सांगितली. हात पाठीमागे घ्यायचे, उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरायचा, आणि समोरचा बुडत नाही किंवा पेटत नाही तोवर सोडायचा नाही. दुसरी युक्ती तोंडासाठी होती. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे. आपणच उत्तर देऊन टाकायचं नाही.

पाच दिवसांत एमोसीनं अंगठा असा काही आवळला की तो निळा पडला. पण एक गोष्ट त्याला फार आवडली. या परीक्षेत नापास हा शब्दच नव्हता. काम जमलं तर 'जमतं' लिहायचं. नाही जमलं तर 'अद्याप नाही'. त्या 'अद्याप'वर तो इतका खूश झाला की परतीच्या बोटीत भेटेल त्याला त्यानं तो ऐकवला. बायकोनं घरी विचारलं, छपराची गळती काढलीस का, तर म्हणाला, "अद्याप नाही." तिनं त्याला शिडी आणून दिली.

मग मामाची तपासणी झाली. दुकानामागं फणसाच्या जातीचं आमचं पावाचं झाड आहे, त्याखाली लाकडी घोड्यावर चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन अडकवलं, खाली पाण्याचं पिंप ठेवलं. मामानं सगळं केलं ते नेहमीसारखं, न बोलता, न घाई करता. एमोसीनं फोटो काढले, कागदावर खुणा केल्या, आणि शेवटी खिशातला फोन चालू करून अकरा प्रश्न विचारले, कारण तोंडी उत्तरांचं रेकॉर्डिंग पुराव्यात लागतं. मामानं अकराच्या अकरा उत्तरं बरोबर दिली. एमोसीनं सगळं सुवाला पाठवलं आणि त्या दिवशी दुकानात सगळ्यांना नारळाच्या दुधातला मासा खाऊ घातला.

चौथ्या दिवशी मिसचा फोन आला.

"एमोसी, माझ्याकडे अकरा प्रश्न पोचलेत. उत्तरं कुठं आहेत?"

"दिली ना, मिस! सगळी बरोबर दिली."

"मला लाटा ऐकू येतायत. एक कोंबडा ऐकू येतोय. तुम्ही विचारता, 'मामा, झाकण उघडण्याआधी पेट्रोलची नळी काढायची ना?' मग लाटा. मग तुम्ही म्हणता, 'शाब्बास मामा.' असं अकरा वेळा."

एमोसी गोंधळला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. आमच्याकडं 'हो' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. भुवया वर उचलल्या की झालं. मामासारखी जुनी माणसं तर आठवडाभर भुवयांवर काढतात. मामानं अकरा वेळा भुवया उचलल्या होत्या आणि एमोसीनं त्या अकरा वेळा स्वच्छ ऐकल्या होत्या.

"भुवया?" मिसनं विचारलं. तीही फिजीचीच होती.

एमोसी काही बोलला नाही.

"एमोसी, तुम्ही आत्ता फोनवर भुवया उचलल्यात का?"

"...हो, मिस."

मिस हसली, पण तिनं सोडलं नाही. "मला समजतं हो. पण हे रेकॉर्डिंग माझ्या पुढं ज्या माणसाकडे जातं त्याला भुवया ऐकू येत नाहीत. आणि खरं सांगू? मामा मोठ्यानं 'हो' म्हणाले असते तरी मी परत पाठवलं असतं. सगळी उत्तरं तुमच्याच प्रश्नात आहेत. माझ्या आजीलाही या प्रश्नांवर भुवया उचलता आल्या असत्या, आणि तिनं इंजिन लांबूनसुद्धा पाहिलेलं नाही. भुवयांनी उत्तर देताच येणार नाही असं विचारा. 'का' विचारा."

मोठ्यांना आमच्यात 'का' विचारत नाहीत. मामाला 'का'?

"आणखी," मिस म्हणाली, "तुमच्या निरीक्षणात पाण्यातल्या पंख्याचं वर्णन दीड पान आहे आणि इंजिनाच्या वरच्या भागाबद्दल एक ओळ नाही."

याचंही कारण होतं. मामा स्टुलावर बसला होता. भाच्यानं मामाच्या डोक्यापेक्षा उंच उभं राहायचं नसतं, म्हणून एमोसी सबंध वेळ जमिनीवर मांडी घालून बसला होता. तिथून त्याला पंखाच दिसत होता.

"आणि ती लाल दोरी. इंजिन चालू करण्याआधी ती मनगटाला अडकवायची, माणूस पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून. तुम्ही तिथं 'जमतं' लिहिलंय. तुमच्याच फोटोत दोरी मामांच्या मागं खिळ्याला लटकतेय."

मामानं दोरी आयुष्यात लावली नव्हती, आणि मामाच्या नावापुढं 'नाही' लिहायला याचा हात धजला नव्हता.

"अजून एकच विचारते. पहिली पायरी, 'झाकणावर तीनदा टकटक करणे.' ती कशासाठी?"

"तसंच करतात, मिस."

"कोण?"

"मामा. आणि मग आम्ही सगळे."

"पण का?"

बावीस वर्षं एमोसी झाकणावर तीनदा टकटक करत आला होता, आणि हाताखालच्या प्रत्येकाला करायला लावत होता. कारण त्याला ठाऊक नव्हतं.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत नवीन पुरावा द्या," मिस म्हणाली. "नाही तर ही तुकडी बंद होते, पुढची वर्षानं. तुमचाही कागद राहील आणि मामांचाही."

एमोसी हे मामाला जपून, योग्य शब्दांत सांगणार होता. पण दुकानाच्या भिंती पत्र्याच्या आणि लेपानीचे कान तिखट. संध्याकाळी मामा घरात पाऊल टाकायच्या आत लेपानीनं ओट्यावर जाहीर करून टाकलं, "बाबा, तुम्ही बोलला नाहीत म्हणून नापास!" तो थट्टाच करत होता म्हणा, पण मामाला ती लागली. दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याचं स्टूल झाडाखाली रिकामं पडून राहिलं. एमोसी त्या स्टुलाकडे न बघता काम करायचा, आणि त्या दोन दिवसांत त्यानं एका इंजिनाचा बोल्ट पिळून तोडला.

"मी 'अद्याप' म्हणायला हवं होतं," लेपानी कसनुसं हसून म्हणाला.

"तू गप्प बसायला हवं होतंस," एमोसी म्हणाला. एवढं सरळ तो लेपानीशी कधी बोलला नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळी एमोसीनं अंघोळ केली, स्वच्छ सुलू, म्हणजे आमची लुंगी, नेसला, मोठ्यांकडे काही मागायला जाताना नेतात ती यांगोनाच्या मुळांची चांगली जाड जुडी बाजारातून घेतली आणि मामाच्या घरी गेला. दारात वाकून "तुलोऊ" म्हणाला, जसं मोठ्यांसमोरून जाताना म्हणतात, आणि चटईवर बसून जुडी मामापुढं ठेवली. मामानं टाळी वाजवून ती स्वीकारली. आता बोलणं भाग होतं.

"मामा," एमोसी म्हणाला, "मी वासू म्हणून आलोय."

मामानं मान वर केली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आमच्यात बहिणीच्या मुलानं मामाच्या घरातल्या कशावरही हात ठेवून 'हे माझं' म्हटलं तर मामाला नाही म्हणता येत नाही. तो हक्क म्हणजे वासू. एमोसीनं तरुणपणी तो दोनदा वापरला होता. एकदा मामाचं नवंकोरं जाळं नेलं, एकदा एक डुक्कर. डुकराबद्दल लेपानीनं त्याला अजून माफ केलेलं नाही.

"काय हवंय?" मामानं विचारलं. "कुदळ नवी आहे. डुक्कर गाभण आहे, पण तू म्हणशील तर..."

"डुक्कर नको, मामा. मला तुमची कारणं हवीत."

"कसली कारणं?"

"तुम्ही जे जे करता त्याचं 'का'. मी उद्या एक-एक विचारणार. उद्धटपणा वाटेल. पण तुम्ही मला हात दिलात, मामा, नजर दिलीत, कारणं दिलीच नाहीत. ती तुमच्याकडे पडून आहेत. भाचा म्हणून मागतोय."

मामानं जुडी उचलून मांडीवर घेतली. मग आतून मामी म्हणाली, "द्या हो. डुक्कर तरी वाचतंय."

मामानं भुवया उचलल्या.

शनिवारी सकाळी पुन्हा तेच झाड, तेच पिंप. उलट्या ठेवलेल्या होडीवर लेपानी बसला होता. त्याला सक्त ताकीद होती की तोंड उघडायचं नाही. एमोसीनं फोन मधोमध एका डब्यावर ठेवला, हात मागे घेतले, अंगठा मुठीत धरला, "तुलोऊ, मामा" म्हणाला आणि उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मामाच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. त्यानं पटकन नजर इंजिनावर वळवली.

मामानं झाकणावर टकटक केली.

"मामा, टकटक का करता?"

मामानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी विचारलं, श्वास का घेता. एमोसी मनात मोजू लागला. एक, दोन, तीन. सातावर मामानं घसा खाकरला.

"गांधीलमाश्या."

"काय?"

"झाकणाखाली घर करतात. चौऱ्याऐंशी साली एक इथं चावली." मामानं वरच्या ओठाला बोट लावलं. "ओठ नाकाला टेकला. रविवारी चर्चमध्ये मला एकट्याला गायचं होतं, ते राहिलं. तेव्हापासून आधी वाजवतो. आत असल्या तर गुणगुणतात."

एमोसीला हसू आवरेना. "आम्हाला वाटायचं, तुम्ही मनात प्रार्थना करता."

"म्हणजे बावीस वर्षं तुम्ही सगळे..."

"प्रार्थना करतोय, मामा. मी तर डोळेही मिटतो."

मामा असा हसला की स्टूल डगमगलं. आणि मग तो खुलला. पेट्रोलची नळी उन्हात धरून का बघतो, तेल बोटांत चोळून नाकाला का लावतो, प्लग काढल्यावर त्याच्या काळेपणावरून होडीवाला खोटं बोलतोय हे कसं ओळखतो, सगळं सांगू लागला. एकेका 'का'ला पाच पाच मिनिटं. एमोसी प्रत्येक वेळी वाकायचा, "तुलोऊ" म्हणायचा, बघायचा, लिहायचा. त्याच्या ध्यानात आलं की मामाला बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

इंजिन चालू करायची वेळ आली. मामाचा हात सुरू करायच्या दोरीकडे गेला. लाल दोरी खिळ्यावरच होती.

एमोसीचे हात पाठीमागे वळवळले. एक पाऊल पुढे टाकून ती मामाच्या मनगटात अडकवली की काम झालं असतं. त्यानं अंगठा आवळला, मग हात फक्त कागदापुरता पुढे आणला आणि लिहिलं. लिहिताना त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"काय लिहिलंस?" मामानं विचारलं.

"लाल दोरी. 'अद्याप नाही.'"

होडीवर लेपानीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"अद्याप म्हणजे कधीपर्यंत?" मामाचा आवाज थंड होता.

"म्हणजे आत्ता मी तुम्हाला ती का लावायची ते सांगेपर्यंत, मामा. कारण मग तुम्ही ती लावाल."

त्यानं सांगितलं. गेल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी एक जण वळणावर होडीतून पडला आणि रिकामी होडी गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर आली, हे मामाला ठाऊक होतंच. त्याच्या पायाची काय गत झाली तेही ठाऊक होतं. दोरीचा आणि त्याचा संबंध कुणी जोडून दाखवला नव्हता. मामानं दोरी खिळ्यावरून काढली, मनगटाला अडकवली, इंजिन चालू केलं आणि स्वतःच ती ओढून बघितली. इंजिन थांबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा थांबलं.

"चांगली आहे," मामा म्हणाला. एमोसीनं पुढच्या ओळीत 'जमतं' लिहिलं.

मामानं इंजिन पुन्हा चालू केलं. आता राहिली होती पाण्याची धार. इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार उडते. आतून पाणी फिरतंय, इंजिन तापणार नाही, याची ती खूण. दुसरे लोक धार दिसली की निघतात. मामा त्या धारेत बोट धरून चांगली दोन मिनिटं बसतो.

"मामा, धार दिसल्यावरही दोन मिनिटं बोट का धरता?"

"कोमट होईपर्यंत. पहिली धार थंडच असते. आत मिठाचे थर बसले असले तरी थोडं पाणी येतंच. कोमट झाली तर समजायचं, सगळीकडून फिरून आली."

"हे कुठं शिकलात?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. सहज तोंडातून गेला. मामानं इंजिन बंद केलं आणि बोट सुलूला पुसत बसला. एमोसी मोजू लागला. दहा झाले. वीस झाले. जुना एमोसी असता तर त्यानं "अनुभवानं शिकलात ना, मामा?" म्हणून उत्तर त्याच्या तोंडात घातलं असतं, आणि मामानं भुवया उचलल्या असत्या, आणि विषय संपला असता. चाळिसावर मामा बोलला.

"तुझ्या आईला घेऊन निघालो होतो तेव्हा."

"कधी?"

"तू पोटात होतास. मी एकोणीस वर्षांचा. गावच्या होडीवर मीच होतो. तुझी आई, तुझी आजी आणि मी. तुझ्या आईला कळा सुरू झालेल्या, आजी म्हणते चल चल. मी इंजिन चालू केलं, धार दिसली, म्हटलं झालं. बारीक होती. थंड होती. मी पाहिलं आणि निघालो." मामा थांबला. "खाडीच्या मधोमध इंजिन तापून जाम झालं. मी दोरी ओढतोय, तुझी आई ओरडतेय. मग फळीनं वल्हवत सुटलो. दवाखाना समोर दिसत होता, पण पोचलो नाही. तू होडीतच झालास. नाळ माझ्या मासे कापायच्या सुरीनं कापली."

लाटांचा आवाज तेवढा येत होता. कोंबडाही गप्प होता.

"दुसरं काही झालं नाही, देवाची कृपा. गाव हसलं, म्हणाले पोराला दम निघाला नाही. मीही हसलो. तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं, तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही." मामानं पहिल्यांदा मान वर करून भाच्याकडे नीट पाहिलं. "तुला घाई नव्हती रे. घाई मला होती."

एमोसीचा अंगठा मुठीतून कधी सुटला ते त्याला कळलं नाही. त्याला भरून आलं होतं. राग आला नाही, रागाला जागाच नव्हती. हा माणूस चव्वेचाळीस वर्षं रोज त्या धारेत बोट धरून बसत होता आणि आपण शेजारी बसून ते बोट नुसतं बघत होतो, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं. तो पुढं झाला, "तुलोऊ" म्हणायचंही विसरला, आणि मामाच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसला.

शेवटी लेपानीला राहवलं नाही. "म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या माणसाला चिडवतोय?" तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "आणि बापाला तर चिडवता येत नाही! आता मी करू काय?"

मामा हसायला लागला, मग एमोसी, आणि मग तिघांनाही आवरेना.

हसणं ओसरल्यावर एमोसीला फोन आठवला. तो डब्यावर चालूच होता. "मामा, हे सगळं यात गेलंय. सुवाला जाईल, परकी माणसं ऐकतील. पाठवू का?"

मामानं त्याच्याकडे पाहिलं. एमोसीनं फोन बंद केला.

बुधवारी मिसचा फोन आला. एमोसी दुकानाबाहेर धावला.

"एकोणीस वेळा तुलोऊ," मिस म्हणाली. "मी मोजले. पुढं पाठवताना मला त्याचा अर्थ सांगणारं एक वेगळं टिपण जोडावं लागणार. लाल दोरीचं 'अद्याप नाही' ऐकलं तेव्हा मी चहा खाली ठेवला. आणि त्यानंतरचं..." ती जरा थांबली. "त्यानंतरचं मी दोनदा ऐकलं. पण शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाहीये, एमोसी. तुम्ही विचारता, 'पाठवू का?' आणि मग रेकॉर्डिंग संपतं."

एमोसीनं कपाळावर हात मारला. "मिस, मामांनी भुवया..."

"ठाऊक आहे," मिस म्हणाली. "या वेळी मला ऐकू आल्या. मामांचा कागद मी पुढं पाठवते."

झाडाखाली मामा स्टुलावर बसून कुणाच्या तरी इंजिनावर टकटक करत होता. शेजारी लेपानी कान लावून गांधीलमाश्या ऐकत होता. एमोसीनं भीत भीत विचारलं, "आणि माझा कागद, मिस?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. एमोसीला वाटलं, फोन कटला. त्यानं कानापासून काढून बघितला, चालू होता. मग त्यानं शिकवल्याप्रमाणे मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. सातावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि भर दुपारी, सगळ्या दुकानासमोर, तो फोन कानाला लावून एकटाच नाचायला लागला.